आयसीयूतल्या जुन्या सवयी थांबवायच्या कुणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात आयसीयूची चर्चा होते ती बिलाची, खाट मिळत नाही याची, नाहीतर पेशंटला कोल्हापूरला हलवावे की हुबळीला याची. दाराच्या आत चोवीस तास नेमके काय केले जाते, त्यातल्या कशाला अभ्यासाचा आधार आहे आणि कशाला नाही, हे मात्र कुणी विचारत नाही. आम्ही या भागातल्या वेगवेगळ्या रुग्णालयांत अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या नर्सेस आणि ब्रदर आहोत. 'एव्हिडन्स-बेस्ड प्रॅक्टिस', म्हणजे अभ्यासांतून पारखलेल्या पद्धतीनेच शुश्रूषा करणे, हा विषय आता प्रत्येक कार्यशाळेत असतो, प्रमाणपत्रेही मिळतात. नवे शिकायला आमची कुणाची ना नाही. अडते ते जुने बंद करताना, कारण ते बंद करायचा अधिकार नर्सला कुठल्याही कागदाने दिलेला नाही.

पाणी भरलेल्या हातमोज्याचेच बघा. बेशुद्ध पेशंटच्या टाचेखाली ग्लोव्हमध्ये पाणी भरून, गाठ मारून ठेवण्याची पद्धत अजून सर्रास दिसते. हेतू चांगला, टाचेला जखम होऊ नये एवढाच. पण बेडसोरविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी पाण्याचे ग्लोव्ह, सलाइनच्या पिशव्या आणि मधे भोक असलेल्या गोल रिंगा वापरू नका, असे स्पष्ट सांगितले आहे. टाचेचे हाड ग्लोव्हमध्ये रुतते आणि दाब तेवढ्याच जागी राहतो. ग्लोव्ह सरकला की टाच पुन्हा गादीवर, आणि गळला की कातडी ओली. त्याऐवजी पोटरीखाली गुडघ्यापासून घोट्याच्या वरपर्यंत उशी द्यायची, गुडघा किंचित वाकलेला ठेवायचा आणि टाच अधांतरी राहू द्यायची. टाचेखालून कागद अडखळल्याशिवाय सरकला पाहिजे. चादरीची घडी नुसती घोट्यामागे ठेवली तर सगळा भार टाचेमागच्या जाड स्नायुबंधावर (टेंडनवर) येतो आणि तिथे नवी जखम होते.

हे सगळ्यांना माहीत असूनही ग्लोव्ह जात नाही, कारण ग्लोव्हचा डबा हाताशी असतो आणि उशा नसतात. खाटेमागे एक उशी, ती डोक्याखाली. पाठीला आधार द्यायला दुसरी, दोन गुडघ्यांच्या मधे तिसरी, पोटरीखाली चौथी, हा हिशेब लाँड्रीच्या रजिस्टरात बसत नाही. पुसून घेता येईल अशा रेक्झिनच्या कव्हरच्या चार उशा प्रत्येक खाटेला मिळाल्या, तर टाचांवरच्या कार्यशाळेची गरजच उरणार नाही. व्यवस्थापन मात्र कार्यशाळा घेते.

कुशी बदलण्याचेही तसेच. पेशंटला पूर्ण नव्वद अंशांवर वळवले की भार खुब्याच्या हाडावर येतो, म्हणून तीस अंशांचा तिरपा कल पुरेसा. लाल झालेल्या जागेवर बोट दाबून पाहायचे. बोट उचलल्यावरही लाली तशीच राहिली, जागा क्षणभरही पांढरी पडली नाही, तर ती जखमेची पहिली पायरी. तिथे चोळायचे नाही. भेटीच्या वेळेत नातेवाईक खोबरेल लावून नेमकी तीच जागा चोळतात आणि त्यांना थांबवणारी सिस्टर माणुसकी नसलेली ठरते.

आता सक्शन, म्हणजे बेडका यंत्राने ओढून काढणे. श्वासनलिकेत घातलेल्या ट्यूबमधून पाच मिली सलाइन आत सोडायचे, अंबूने (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीने) दोनतीन दाब द्यायचे आणि मग बेडका ओढायचा, असे पिढ्यान्पिढ्या शिकवले गेले. आत सोडलेल्या सलाइनपैकी बरेचसे परत येतच नाही. बेडका त्याने पातळ होतो याला भक्कम पुरावा नाही. ऑक्सिजनची पातळी घसरते आणि नळीच्या आतल्या थरातले जंतू खाली जाण्याचा धोका असतो. श्वसनोपचाराच्या २०२२ च्या अमेरिकी सूचनांतही सलाइन नेहमीच्या पद्धतीने घालू नये, असेच आहे. पण 'सलाइन घालू नका' एवढेच सांगून नाइट ड्युटीवरची नर्स थांबत नाही, कारण तिच्यापुढे बेडका खरोखरच चिकट झालेला असतो. तो चिकट का झाला, हे कुणी पाहिलेले नसते. बहुतेक वेळा दोष हवेच्या ओलाव्यात असतो. हीटेड ह्युमिडिफायरच्या (हवा गरम आणि ओली करणाऱ्या यंत्राच्या) भांड्यातले पाणी रेषेखाली गेलेले असते, किंवा तापमान कमी ठेवलेले असते. पेशंटकडच्या टोकाला हवा ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असायला हवी. एचएमई फिल्टर (पेशंटच्याच श्वासातली ऊब आणि ओलावा धरून ठेवणारा) असेल आणि बेडका घट्ट किंवा रक्ताळलेला असेल, तर तो फिल्टर त्या पेशंटला चालणारा नाही. तो काढून हीटेड ह्युमिडिफायर लावायचा. दोन्ही एकाच वेळी कधीही लावायचे नाहीत. फिल्टर पाण्याने भरतो, हवा अडते आणि पेशंट गुदमरतो.

बाकीचे आकडे सोपे आहेत. सक्शनच्या कॅथेटरने (बारीक नळीने) ट्यूबचा निम्म्याहून जास्त व्यास अडवू नये. ८ नंबरच्या ट्यूबला १२ फ्रेंचचे (फ्रेंच हे कॅथेटरच्या जाडीचे माप) कॅथेटर: ट्यूबच्या आकड्याला तीनने गुणायचे, दोनने भागायचे. आधी तीस ते साठ सेकंद शंभर टक्के ऑक्सिजन द्यायचा. एक फेरी पंधरा सेकंदांच्या आत संपवायची. आणि सक्शन घड्याळाप्रमाणे नव्हे, गरजेप्रमाणे: छातीत घरघर, व्हेंटिलेटरच्या आलेखावर करवतीसारखे दाते, वाढलेला दाब, घसरता ऑक्सिजन. इथेच गोची होते. चार्टवर 'दर दोन तासांनी सक्शन' असा छापील रकाना असतो. गरज नाही म्हणून नर्सने सक्शन केले नाही तर रकाना रिकामा राहतो, आणि सकाळच्या राउंडला जाब विचारला जातो तो रिकाम्या रकान्याचा. मग काय, सक्शन होते. चार्ट छापून घेणाऱ्यांनी तिथे 'तपासले, गरज होती/नव्हती' असे दोन चौकोन छापले तर बराच फरक पडेल.

श्वासनलिकेत ट्यूब घट्ट बसवणाऱ्या फुग्याचा दाब बोटांनी चाचपून ठरवतात, तेही सोडले पाहिजे. २० ते ३० सेंमी पाण्याइतका दाब हवा. कमी झाला तर घशातली लाळ फुप्फुसात झिरपते, जास्त झाला तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा अडतो. बोटाला २५ आणि ५० यांतला फरक कळत नाही. मापक काही हजार रुपयांत मिळतो आणि वर्षानुवर्षे चालतो. प्रत्येक शिफ्टला एकदा मोजायचे, आणि मापक जोडताना थोडी हवा निसटते हे लक्षात ठेवायचे. नाहीतर मोजूनमोजूनच दाब उतरतो.

डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, हे सगळ्यांना पाठ आहे. प्रत्यक्षात नजरेने लावलेले 'तीस' मोजायला गेले की बऱ्याचदा वीसच भरतात. नव्या खाटांना कोनदर्शक असतो, हँडल फिरवायच्या जुन्या खाटांना नसतो. त्यावर साधा उपाय आहे. पाठीची फळी बिजागरीपासून ७५ सेंमी लांब असेल, तर तिचे वरचे टोक आडव्या पातळीपासून साडेसदतीस सेंमी उचलले की बरोबर तीस अंश होतात. लांबीच्या निम्मी उंची. भिंतीवर त्या उंचीला रंगाची एक पट्टी ओढून ठेवायची. मात्र डोके वर केले की पेशंट खाली घसरतो आणि माकडहाडाची कातडी ताणली जाते, म्हणजे न्यूमोनिया टाळताना बेडसोर ओढवून घ्यायचा. म्हणून आधी गुडघ्याकडचा भाग थोडा उचलायचा, मग डोके. मणक्याला दुखापत असेल किंवा बीपी फार खाली असेल तर कोन डॉक्टरांना विचारूनच.

नातेवाइकांशी सर्वांत जास्त खटके या कोनावरून उडतात. 'मान अवघडली आहे, खाट खाली करा' म्हणत कुणीतरी हँडल फिरवून टाकते. दुसरा प्रसंग तीर्थाचा. सौंदत्तीचा भंडारा कपाळाला लावायला आमची हरकत नाही, श्रद्धेचा प्रश्न आहे. पण मानेतल्या सेंट्रल लाइनच्या (मोठ्या रक्तवाहिनीत घातलेल्या नळीच्या) ड्रेसिंगवर भंडारा सांडला तर ते ड्रेसिंग सात दिवसांची वाट न पाहता लगेच बदलावे लागते, आणि व्हेंटिलेटरवरच्या माणसाच्या तोंडात चमचाभर तीर्थ गेले तर ते फुग्याच्या वर साचून कडेने फुप्फुसाकडे उतरू शकते. कपाळ, पाय, उशाखाली पुडी, एवढे चालेल. तोंडात काही नको. हे मराठीत आणि कन्नडमध्ये दारावरच लिहिलेले असावे. रात्री दहाला एकट्या सिस्टरने तोंडी सांगायची ही गोष्ट नव्हे.

नाकातून पोटात जाणाऱ्या राइल्स ट्यूबबद्दल थोडक्यात. पोटात हवा फुंकून स्टेथोस्कोपने आवाज ऐकणे ही खात्री नव्हे. ट्यूब फुप्फुसात असली तरी तसाच आवाज येऊ शकतो. ओढलेल्या द्रवाचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) ५.५ किंवा कमी, नाहीतर एक्स-रे. पोटातले आम्ल कमी करणारे पँटोप्राझोल चालू असेल तर पीएच वर जातो, तेव्हा एक्स-रेच. नाकपुडीजवळचा सेंटिमीटरचा आकडा दर शिफ्टला लिहायचा. आणि फीड (ट्यूबमधून दिले जाणारे अन्न) थांबवण्याची घाई नको. सिरिंजने ओढून दीडशे मिली निघाले की फीड बंद, असे अनेक ठिकाणी चालते. पेशंट आठ-दहा दिवस अर्धपोटी राहतो आणि त्याची कुणी नोंदही घेत नाही. अमेरिकी पोषण संस्थांच्या २०१६ च्या सूचनांप्रमाणे पोटातला शिल्लक द्रव नेमाने मोजण्याची गरज नाही. मोजलाच, तर ५०० मिलीच्या खाली, उलटी किंवा पोटफुगी नसताना, फीड थांबवू नये.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे पत्र नव्याचा गजर ठरेल. पुरावा बदलतो. २००१ मध्ये बेल्जियममधल्या एका अभ्यासानंतर आयसीयूतल्या पेशंटच्या रक्तातली साखर ८० ते ११० मध्ये ठेवायची लाट आली. नर्सेस तासातासाला बोट टोचून इन्सुलिनचा पंप वरखाली करू लागल्या. २००९ मध्ये सहा हजारांहून जास्त रुग्णांचा नाइस-शुगर अभ्यास आला, आणि साखर इतकी घट्ट धरलेल्या गटात मृत्यू जास्त निघाले: २७.५ टक्के विरुद्ध २४.९ टक्के. आता बहुतेक ठिकाणी लक्ष्य १४० ते १८० आहे. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने तोंड पुसण्याचेही तेच झाले. वर्षानुवर्षे ते न्यूमोनिया टाळण्याच्या यादीत होते; २०२२ च्या अमेरिकी सूचनांनी ते काढले, कारण फायदा डळमळीत आणि मृत्यू वाढत असल्याची शंका. दात घासणे मात्र ठेवले. लहान मुलांचा मऊ ब्रश, पाण्याचा ओलावा, शेजारी सक्शन चालू, एवढ्यात काम होते. पण आमच्याकडच्या भिंतींवरचे लॅमिनेट केलेले तक्ते पाहा, क्लोरहेक्सिडीन अजून तिथेच आहे. तक्त्यावर तारीख नसते, कुणी मंजूर केला ते नसते, पुन्हा कधी पाहायचा ते नसते. ज्येष्ठ सिस्टर 'आज हे, उद्या ते' म्हणतात तेव्हा त्यांना हट्टी ठरवणे सोपे आहे. त्यांनी हे चढउतार स्वतःच्या हातांनी केलेले आहेत.

सीमाभागाचा खरा कस लागतो तो गुंगी आणि भ्रम मोजताना. वेदना, गुंगी, भ्रम या क्रमाने पाहायचे. बोलू न शकणाऱ्याची वेदना चेहरा, हालचाल, स्नायूंचा ताठरपणा आणि व्हेंटिलेटरशी जुळवून घेणे यांवरून सीपॉट मोजपट्टीवर ० ते ८ मध्ये मोजतात. ३ किंवा जास्त म्हणजे दुखते आहे. गुंगी रास मोजपट्टीवर, उणे ५ ते अधिक ४. बहुतेकांसाठी उणे २ ते अधिक १ पुरे. इथवर भाषा फारशी आड येत नाही. भ्रमाच्या कॅम-आयसीयू चाचणीत मात्र इंग्रजी अक्षरे एकेक करून वाचायची आणि 'ए' ऐकू आला की पेशंटने हात दाबायचा, असे असते. जांबोटीकडच्या शेतकऱ्याने इंग्रजी 'ए' कशाला ओळखावा? अथणीच्या आजींना मराठीही येत नाही, चंदगडहून आलेल्याला कन्नड येत नाही, काहींची घरची भाषा उर्दू, आणि ड्युटीवरची सिस्टर केरळची. चाचणी चुकते आणि 'भ्रम आहे' असे लिहिले जाते, किंवा 'तपासता आले नाही' लिहून विषय संपतो. अक्षरांऐवजी पेशंटच्या भाषेतले आकडे घेता येतात. 'दगड पाण्यावर तरंगतो का? समुद्रात मासे असतात का?' हे पुढचे प्रश्न मराठी, कन्नड आणि उर्दूत एका कार्डावर, उच्चार देवनागरीत, कन्नड लिपीत आणि मल्याळममध्ये लिहून प्रत्येक खाटेला अडकवले तर कोणतीही नर्स ते वाचू शकेल. दाखल करतानाच 'पेशंट कोणत्या भाषेत बोलतो, चष्मा आणि कानाचे यंत्र आहे का' हे लिहून घ्यायचे. चष्मा घरी राहिला म्हणून गोंधळलेली माणसे आयसीयूत कमी नाहीत.

आपल्या भागात फवारणीच्या औषधांची विषबाधा नेहमीची आहे. अशा पेशंटला विषावर उतारा म्हणून अॅट्रोपिन चालू असते, आणि अॅट्रोपिन जास्त झाले तरी भ्रम होतो: हवेत काहीतरी वेचल्यासारखे हात, ताप, कोरडी कातडी, पोटाचे आवाज बंद. हे आधी दिसते ते खाटेशेजारच्या नर्सला. भ्रम समजून गुंगीचे मिडाझोलाम वाढवण्यापूर्वी तिने डॉक्टरांना ही चार लक्षणे सांगायला हवीत, आणि डॉक्टरांनी ती ऐकायला हवीत.

रोज सकाळी गुंगीचे औषध थांबवून पाहण्याला तर सगळ्यांचाच विरोध असतो. नातेवाईक म्हणतात, झोपू द्या. नर्सला भीती की पेशंट ट्यूब उपसेल आणि मेमो आपल्याला मिळेल. म्हणून हात बांधले जातात आणि पंप चालूच राहतो. वास्तविक यालाही नियम आहेत. फिट्स चालू असतील, मेंदूतला दाब वाढलेला असेल, स्नायू शिथिल करणारे औषध चालू असेल, दारू सुटल्याचा त्रास असेल तर थांबवायचे नाही. थांबवल्यावर श्वास मिनिटाला ३५ च्या वर पाच मिनिटे टिकला, ऑक्सिजन ८८ च्या खाली गेला, पेशंट अनावर झाला, तर पुन्हा सुरू करायचे, पण निम्म्या डोसने. हे सगळे एका पानात मावते. त्या पानावर कन्सल्टंटची सही असेल तर नर्स सकाळी सातला स्वतःहून सुरुवात करेल. नसेल तर ती राउंडची वाट पाहील, आणि राउंड दुपारी एकला असतो.

सहीचे महत्त्व यातच आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या कामात सेंट्रल लाइन घालतानाच्या पाचच गोष्टी होत्या: हात धुणे, पूर्ण निर्जंतुक पडदा, क्लोरहेक्सिडीनने कातडी, जांघेतली जागा टाळणे, गरज संपली की लाइन काढणे. शंभरावर आयसीयूंत संसर्गाचा मध्यक दर हजार लाइन-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस लाइन म्हणजे एक लाइन-दिवस) २.७ वरून शून्यावर आला. यातले काहीच नवे नव्हते. नवे होते ते हे, की पायरी चुकली तर नर्सने डॉक्टरांना थांबवायचे, आणि व्यवस्थापन तिच्या पाठीशी. आपल्याकडे ज्या नर्सला बाहेरून घाईत आलेल्या सर्जनना 'सर, गाऊन' म्हणायचे आहे, तिला पुढच्या महिन्यात नोकरी टिकवायचीही असते. नर्सेसच्या अडचणी मोजण्यासाठी १९९१ मध्ये अमेरिकेत बनलेली बॅरिअर्स ही प्रश्नावली अनेक देशांत वापरली गेली, आणि वरच्या उत्तरांत वेळ नाही आणि अधिकार नाही ही दोन पुन्हा पुन्हा येतात.

वेळेचा हिशेब कुणीही करून पाहावा. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक नर्स हे मानक. तीन पेशंट एका नर्सकडे असले तर आठ तासांत दर दोन तासांनी कुशी बदलायची म्हणजे बारा वेळा, प्रत्येक वेळी दोन माणसे, दहा मिनिटे. फक्त यातच दोघांचे दोन तास गेले. औषधे, फीड, तोंडाची स्वच्छता, चार्ट आणि दर स्पर्शाआधी-नंतर वीस ते तीस सेकंद हँडरब अजून बाकीच. यावर आणखी एक चेकलिस्ट दिली तर ती भरली जाते, केली जात नाही. आणि जी नर्स दोन वर्षांत तयार होते ती आखातात किंवा जर्मनीला जाते. पगार पाहता तिला दोष कसा द्यावा?

म्हणून या भागातल्या रुग्णालयांना विनंती: सगळे एकदम नको. एका तिमाहीत एकच जुनी सवय बंद करा, तिचे एक पान लिहा, सही आणि तारीख घाला, आणि त्याला लागणारी वस्तू, उशी असो वा मापक, त्याच दिवशी द्या. जीएनएम या नर्सिंग पदविकेच्या विद्यार्थ्यांना ते पान मराठीत किंवा कन्नडमध्ये समजावून सांगा. परीक्षा इंग्रजीत असली म्हणून समज इंग्रजीतच यावी असे नाही.

मोजायचे कसे, तेही ठरवा. रोज एकाच ठरलेल्या वेळी किती पेशंटना व्हेंटिलेटर आहे, किती सेंट्रल लाइन, किती लघवीच्या नळ्या, हे वहीत मांडायचे. महिन्याच्या संसर्गांना त्या बेरजेने भागून हजाराने गुणले की दर निघतो. पण चार खाटांच्या आयसीयूत महिन्याला साठच व्हेंटिलेटर-दिवस भरले, तर एका न्यूमोनियाने दर १६.७ होतो आणि पुढच्या महिन्यात शून्य. असे महिने एकमेकांशी ताडून नर्सला धारेवर धरण्यात अर्थ नाही. लहान युनिटने दोन संसर्गांमधले दिवस मोजावेत. आणि ही वही त्या शिफ्टच्या नर्सने न भरता दुसऱ्या विभागातल्या कुणीतरी भरावी, शक्य तर रोज तीच व्यक्ती.

आपल्या,
अतिदक्षता विभागांतील काही परिचारिका व ब्रदर
बेळगाव, खानापूर, निपाणी
(नावे प्रसिद्ध करू नयेत ही विनंती.)